एक हरकत बाकी

माझा भाऊ बद्रीनाथ. त्यानं एका जर्मन माणसाला लेखी ठणकावलं होतं, की वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय काहीबी काढायचं न्हाई. अन् त्याच बद्रीनाथनं बापाच्या जमिनीवरून माझं नाव मला न विचारता काढलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या हायेत. मी गोजरबाई, त्याची पाठची बहीण. माझं नाव परत कसं आलं, ते सांगते. मधी एक कंप्युटर येतो, तेवढा सहन करा.

दादाचा स्वभाव आधी सांगायला पाहिजे. समोरून कुणी राम राम घातला तर दादा आधी मागं वळून बघतो, की हा मलाच म्हणला का, अन् काहून म्हणला. दूध आलं की बोटावर थेंब घेऊन नखावर किती येळ टिकतो ते बघतो. उषावहिनी म्हणते, ‘लग्नात अंतरपाट धरल्ता तव्हा ह्यांनी खालून वाकून बघितलं, पलीकडं मीच हाय का दुसरीच कुणी उभी केली.’ दादा म्हणतो, ‘बघितलं तर काय बिघडलं?’

हे उगाच न्हाई झालं. आमचं गाव आष्टीपासून दोन कोसावर. एक्क्याऐंशी साली आजोबा वारले. दिवस-कार्य उरकलं अन् आमच्या पुंजाराम काकानं वडलांना गोड बोलून बैलगाडीसकट मंठ्याला धाडलं. आत्याच्या घरी लग्न होतं, म्हणला, तू हो पुढं, मी मागून येतो. काका काही आला न्हाई. वडील पंधरा दिवसांनी आले, तोवर चावडीवर नोटीस लागून निघून बी गेल्ती. आजोबांचा वारस म्हणून एकट्या काकाचं नाव, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. त्या नोटिशीवर कुणीतरी जत्रेतल्या कुस्त्यांचा कागद चिटकवला होता. कुणी वाचलीच न्हाई, म्हणून कुणाची हरकत न्हाई, म्हणून फेरफार मंजूर. चार एकर काळीभोर जमीन अशी गेली. वडलांनी स्वतः घेतलेली पाच एकर वेगळी होती, म्हणून आम्ही उपाशी न्हाई राहिलो. पण बारा-तेरा वर्षं रखमाजी नावाचा आमचा बाप कचेरीच्या पायऱ्या चढत-उतरत राहिला अन् तसाच गेला.

दादा तव्हा एकोणीस वर्षांचा. त्या दिवसापासून त्यानं दिसेल ती नोटीस वाचायची सवय लावून घेतली. ग्रामपंचायतीची, एसटी स्टँडवरची, लाईट जाणार म्हणून डांबाला लावलेली. वर दुसरा कागद चिटकवलेला असला तर तो नखानं उचकटून खालचा वाचायचा. दोनदा ह्यापायी मार खाता खाता वाचला.

पुढं औरंगाबादला डिप्लोमा केला अन् जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत मशीनं दुरुस्तीला लागला. पंच्याण्णवला त्यानं मला बी तिथंच उगवणीच्या खोलीत चिटकवलं. ओल्या कागदात दाणे गुंडाळून ठेवायचे, चौथ्या दिवशी अन् आठव्या दिवशी उलगडून किती उगवले, किती सडले ते मोजायचं. आम्ही आठ बाया होतो. सत्त्याण्णवला तिथं कंप्युटर आला. एकच कंप्युटर, पण त्याच्या पोटात एक कार्ड होतं, त्याला आठ शेपट्या. एकेक शेपटी आमच्या एकेकीच्या टेबलापर्यंत आलेली, टोकाला पडदा अन् कीबोर्ड. फार तर सातवी शिकलेल्या बाया आम्ही, पण फटाफट आकडे टाकायचो. सोनूबाईला सही येत नव्हती, आकडे मात्र सगळ्यात जल्दी तिचेच.

कंप्युटरच्या आत एक मोठा कारभारी असतो, त्याला कर्नेल म्हणतात, असं दादानं मला सांगितलं. सगळ्या सामानाशी तोच बोलतो. पण प्रत्येक सामानाची बोली न्यारी, म्हणून प्रत्येकापायी त्याच्यात एकेक धडा लिहून ठेवावा लागतो. आमच्या आठ शेपट्यांचा बी एक धडा होता. हा कारभारी फुकट मिळतो, जगभरातले लोक मिळून लिहितात अन् दर दोन-चार महिन्यांनी नवी प्रत काढतात. फुकट म्हणल्यावर दादाला आधी संशय आल्ता. ‘फुकट काहून देतात?’ म्हणून त्यानं वर्षभर खोदून बघितलं. मंग मात्र त्या लोकांची सगळी पत्रं उघड्यावर वाचायला मिळतात हे कळलं, अन् गडी खूश झाला. दर रविवारी जालन्यातच मस्तगडला सायबर कॅफेत जाऊन बसायचा. बाकीचे लोक तिथं काय काय बघत, हा परदेशी चावडीवरच्या नोटिसा वाचून यायचा.

दोन हजार पाचला, श्रावणात, दादा घामाघूम होऊन माझ्या घरी आला. चहा बी घेतला न्हाई.

‘गोजरे, तीच चाल! बिलकुल तीच! आपल्या कार्डाचा धडा काढून टाकून राह्यलेत. म्हणे, हा कुणी वापरतो असं दिसत न्हाई, ह्याला कुणी बघणारा न्हाई, पुढच्या प्रतीतून काढू. कुणाची हरकत असल्यास कळवावं.’

‘मंग कळव की.’

‘मी वाचली म्हणून! नसती वाचली तर?’

त्याला सगळ्यांचाच वास येऊ लागला. नवी कार्डं विकणाऱ्यांनी हे करवलं असंल. नाहीतर कंपनीत नवा इंजिनिअर आल्ता, त्याचा काहीतरी हात असंल. इंजिनिअर बिचारा हसला. म्हणला, ‘अहो बद्रीनाथराव, ते नव्या प्रतीतून काढतील. तुमच्या मशीनमधली जुनी प्रत कोण उचलून नेणार हाय?’

दादा म्हणला, ‘सातबाऱ्यावरचं नाव काढलं तरी शेत जागच्या जागीच राहतं साहेब. कळतं ते पुढं, पेरायला गेल्यावर.’ इंजिनिअरला सातबारा कळत नव्हता. पण दादाचं खरं होतं. उद्या ते मशीन बसलं अन् नव्या मशीनवर नवी प्रत घालायची येळ आली, तर आठ शेपट्या मुक्या.

दुसरा कुणी असता तर त्यानं दोन ओळी लिहिल्या असत्या, की बाबांनो, आम्ही वापरतो. दादा तहसीलीत वाढलेला. त्यानं बराबर पंचनामा केला. इंग्रजीत मजकूर, खाली मराठीत तोच, आम्ही आठ जणी हे कार्ड रोज वापरतो, आम्हाला न विचारता काढू नये. आठ जणींच्या सह्या, सोनूबाईचा अंगठा. पुरावा म्हणून त्याच्या रेशन कार्डाची झेरॉक्स. हे सगळं स्कॅन करून धाडलं तर ते परत आलं, एवढा मोठा कागद तिथं घेत न्हाईत म्हणून. झालं! ‘आवक नोंद करायलाच तयार न्हाईत,’ म्हणून दादा दोन दिवस धुमसत राहिला. मंग ती नोटीस लावणाऱ्या जर्मन माणसाच्या पत्राखाली पत्ता होता, त्यावर सगळी फाइल रजिस्टर पोस्टानं धाडली, पोचपावतीसकट.

सही घ्यायला तो माझ्या टेबलापाशी आल्ता तव्हा म्हणला, ‘इथं कर.’ मी केली बी. वाचली न्हाई. दादानं आणलेला कागद कोण वाचतं? पण सही करून पेन खाली ठेवला अन् एकदम आठवलं. असाच कागद, असंच बोट, असंच ‘इथं कर’.

चौऱ्याण्णवला वडील गेले. महिन्याभरानं दादा मला जीप करून तालुक्याला रजिस्ट्री कचेरीत घेऊन गेला. म्हणला, वारसाचं काम हाय, तुझी सही लागते. आधी गरम भजे खाऊ घातले. आतल्या साहेबांनी विचारलं, ‘बाई, राजीखुशीनं हाय ना?’ मी दादाकडं बघितलं. दादानं मान हलवली, म्हणून मी बी हलवली. बस. त्या वर्षीपासून भाऊबीजेची साडी एकदम भारी यायला लागली. आधी सुती यायची, आता जरीकाठी. ती साडी बघूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. दादाची बहीण हाय मी, मला काय संशय येत न्हाई?

पण विचारलं न्हाई. अकरा वर्षं न्हाई. बायांना सांगायला नको काहून. जमिनीचं विचारलं की माहेर बंद. अन् लोक म्हणतात ना, बहिणीला जमीन नको असती, नुसता मान पाहिजे असतो, ती शुद्ध थाप हाय. मला जमीन बी पाहिजे होती. वारस आम्ही दोघंच, आमच्या बापाच्या पाच एकरातलं निम्मं माझं होतं. पण माहेर बी पाहिजे होतं, म्हणून तोंड शिवून बसले. ह्या जगात दादानं सगळ्यांवर संशय घ्यायचा अन् मी फक्त दादावर, तोबी मनातल्या मनात.

दीड महिन्यानं जर्मनीहून उत्तर आलं. दादा आम्हा आठ जणींसमोर उभं राहून वाचायला लागला. एकेक ओळ इंग्रजीत अन् मंग मराठीत. तो माणूस लिहित होता, की असा कागद आजवर कुणी धाडला न्हाई, मी भिंतीवर लावलाय. वापरणारा एक जरी पुढं आला तरी आम्हाला पुरे, तुम्ही तर आठ हायेत. धडा राहील. पण दर नवी प्रत निघाली की तुम्ही चालवून बघा अन् कळवा, आमच्याकडं ते कार्डच न्हाई. सोनूबाई म्हणली, ‘अंगठ्याला मान हाय म्हणायचा तिकडं!’ मी त्या माणसाचं नाव ‘तिकडचा तलाठी’ ठेवलं.

शेवटी एक ओळ होती. तुम्ही उशिरा आला असता तरी घाबरायचं कारण नव्हतं. काढलेला धडा आम्ही जाळत न्हाई, जुन्या नोंदीत जसाच्या तसा राहतो, कुणी हक्कानं मागितला की परत आणता येतो.

‘बघा!’ दादा म्हणला. ‘ह्याला म्हणतात कारभार. काढलेलं परत आणता येतं!’

माझ्या ओठावर आल्तं. मी पुन्हा दाणे मोजायला बसले.

दोन वर्षं दादानं इमानानं दर प्रत चालवून बघितली. दोनदा बिघाड सापडला, तिकडच्या तलाठ्यानं दुरुस्त केला. मंग दोन हजार सातला कंपनीनं सगळंच बदललं. प्रत्येकीला आपापला कंप्युटर, आठ शेपट्यांचं कार्ड भंगारात. दादाला वाईट वाटलं, पण हिशोबाला पक्का. म्हणला, ‘आपली हरकत आता खोटी झाली. वापरत न्हाई तर अडवायचं काहून? पण जशी आठ जणींनी घेतली, तशी आठ जणींनीच काढली पाहिजे.’ अन् खरंच कागद घेऊन निघाला. ज्या दोघी काम सोडून गेल्त्या, त्यांच्या गावाला जाऊन सह्या आणल्या. सात झाल्या. माझ्याकडं शेवटी आला, घरचीच म्हणून.

गणपतीचे दिवस होते. तो ओट्यावर बसला, कागद माझ्यापुढं धरला अन् बोट ठेवलं. ‘इथं कर.’

मी चष्मा लावला. कागद हातात घेतला अन् वाचायला लागले.

‘वाचतेस काय? मी हाय ना.’

‘चौऱ्याण्णवला बी तूच होतास.’

माझ्या तोंडून निघून गेलं. एकदा निघालं ते निघालंच. ‘दादा, त्या दिवशी रजिस्ट्रीत मी कशावर सही केली? हक्कसोड होतं ना ते? मला वाचून काहून न्हाई दाखवलंस? काकानं बापाला मंठ्याला धाडलं, तू मला भजे खाऊ घातलेस. फरक काय?’

दादाचं तोंड उतरलं. मंग लाल झालं. मंग त्याचा जुना स्वभाव वर आला. बारीक डोळे करून म्हणला, ‘कुणी शिकवलं तुला हे? पाव्हण्यांनी?’

‘तूच शिकवलंस! न विचारता काढू नका म्हणून जर्मनीला रजिस्टर कुणी धाडलं? नवऱ्याला माझ्या हे माहीत बी न्हाई.’

‘तू तव्हा हरकत घेतली न्हाईस.’

‘मला नोटीस कुठं लावली होतीस?’

तो उठला. कागद उचलला, घडी केली, खिशात घातली. चहा तसाच राहिला. फाटकापाशी जाऊन एकदा वळला, वाटलं काही बोलंल. फाटकाची कडी लावून निघून गेला.

दिवाळी आली. भाऊबीजेला मी ताट करून बसले. निरांजन दोनदा विझलं, दोनदा लावलं. दादा आला न्हाई, साडी बी आली न्हाई. मी रडले, ढसाढसा रडले. म्हणलं, गेलं माहेर, गोजरे, तुझ्या जिभेपायी गेलं. मनात आलं, जाऊन पाया पडावं, कागदावर सही करून यावं. पण हात काही उठंना. अन् खोटं कशाला बोलू, वहिनीवर बी संशय घेतला, की हिनंच आग लावली असंल.

आता गंमत ऐका. तिकडचा तलाठी दर महिन्याला विचारत होता, की सह्यांचं काय झालं, काढू का धडा? दादाला सात सह्यांवर ‘काढा’ लिहिता आलं असतं. कोण जर्मनीहून मोजायला येतं? पण ते त्याच्या रक्तात न्हाई. त्यानं लिहिलं, ‘एक हरकत बाकी हाय.’ तलाठ्यानं लिहिलं, थांबतो. एक प्रत निघाली, दुसरी निघाली. साऱ्या जगात कुणी वापरत नव्हतं असला धडा, फक्त माझी सही न्हाई म्हणून त्या कारभाऱ्याच्या पोटात बसून राहिला. मला हे तव्हा माहीत नव्हतं.

मंग त्या माणसानं विचारलं, हरकत कुणाची हाय अन् कशापायी? कुणी अजून वापरत असंल तर काढणारच न्हाई. ह्याचं उत्तर दादाला देता येईना. पत्रं उघड्यावर लागतात, खोटं लिहायची सोय न्हाई. वहिनीनं मला मागून सांगितलं, तीन रविवार कॅफेत बसून आला, एक ओळ लिहिली न्हाई. जेवण निम्मं झालं. शेवटी वहिनीच म्हणली, ‘खरं हाय ते लिहा की. अन् लिहायच्या आधी करा. मी बाईच्या जातीची न्हाई का? मला काय कळत न्हाई?’ ज्या वहिनीवर मी संशय घेतला, ती ही. माझं मलाच कसंतरी झालं.

दुसऱ्या साली वैशाखात दादा दारात उभा. आठ महिन्यांनी. ‘चल, तालुक्याला.’

‘काहून?’

‘वाचायला.’

एसटीनं गेलो. भज्यांच्या गाड्यापाशी दादा थांबला, अन् मी त्याच्याकडं बघितल्यावर गुमान पुढं चालायला लागला. रजिस्ट्रीच्या बाहेर लिंबाखाली त्यानं कागद माझ्या हातात दिला. बक्षीसपत्र. मी एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा बोट ठेवलं.

‘इथं दोन एकर लिहिलंय. पाचाचं निम्मं अडीच होतं. वीस गुंठे कुठं गेले?’

दादा हसला. आठ महिन्यांनी हसला. ‘बराबर पकडलंस. मागचं पान वाच. विहीर अन् गाडीवाट, एक एकर, दोघांच्या नावानं सामाईक.’

मागचं पान वाचलं. होतं. माझं नाव दोन्हीकडं होतं, गोजरबाई, बापाच्या नावासकट. डोळ्याला पाणी आलं म्हणून पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आत साहेबांनी विचारलं, ‘राजीखुशीनं हाय ना?’ दादानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, मंग त्यानं हलवली.

बाहेर आल्यावर त्यानं तो जुना, घडीवर फाटत आलेला कागद काढला. सात सह्या, आठवी जागा रिकामी. मी तोबी उभ्या उभ्या पुरा वाचला, मंगच सही केली. दादा उन्हात थांबला. चुकलो, एवढा एक शब्द यावा म्हणून मी वाट बघून राह्यले होते. एसटीत बी न्हाई आला, घरी सोडताना बी न्हाई.

पुढच्या सोमवारी मला राहवेना. दादानं त्या माणसाला काय लिहिलं असंल? माझ्यावरच ढकललं असंल, बहीण अडाणी हाय, तिला समजवायला आठ महिने लागले, असं काहीतरी. मी एकटी मस्तगडला सायबर कॅफेत गेले. तिथल्या माणसाला म्हणलं, आमच्या दादाचं शेवटचं पत्र काढ अन् मराठीत सांग. त्यानं काढलं. लहानसंच होतं.

‘आठवी सही मिळाली. आता धडा काढावा. हरकत माझ्या बहिणीची होती. ती कार्डाबद्दल नव्हती. तिच्या हक्काचं मी तिला न विचारता काढलं होतं, ते परत दिलंय. चूक माझी होती. उशीर माझ्यामुळं झाला.’

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. तेच सांगितलं. मंग शेजारी बसलेल्या एका कॉलेजच्या पोरीला बोलावून तिच्याकडून एकदा वाचून घेतलं, न जाणो हा मन राखायला बोलत असंल तर. तिनंबी तेच सांगितलं. ती म्हणली, ‘मावशी, हे साऱ्या जगाला दिसतं, अन् इथून कधी निघत न्हाई.’

पंधरा दिवसांनी न निघणारी नोटीस लावली होती माझ्या भावानं, अन् मला सांगितलं बी न्हाई.

छापील प्रत घेतली. सातबाऱ्यासोबत पत्र्याच्या पेटीत ठेवलीय, जरीकाठी साड्यांच्या खाली. परवा फेरफाराच्या वहीत नाव चढलं का, तेबी आष्टीला जाऊन स्वतः बघून आले. पण पत्र काही फेकायची न्हाई. उद्या दादा म्हणला, मी असं लिहिलंच न्हाई, तर? आमच्या घराण्याचा काय भरवसा.